शालन आक्कांचा वाकडा हात

आमच्या भागातला कबड्डीचा पंच कुठंही गेला तरी ओळखू येतो. ज्या संघाला गुण मिळाला त्या बाजूला पंचानं हात सरळ, खांद्याच्या रेषेत धरायचा असतो. आमच्याकडचे पंच तो कोपरात वाकवतात, काखेत सूप धरल्यासारखा. एकदा आमची काही पोरं पंचांच्या परीक्षेला बेंगळुरूला गेली होती. तिथल्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्हा सगळ्यांना एकदमच सांधेदुखी झाली आहे का?" पोरं बावचळली. त्यांना वाटत होतं, खूण हीच. ज्यांच्याकडं बघून ती शिकली त्या शालन आक्कांचा डावा हात कोपरात सरळ होतच नव्हता, आणि उजव्या हातात घड्याळ नि कार्डं असल्यामुळं सगळ्या खुणा त्या डाव्यानंच करत. पोरांनी नियमाबरोबर मोडलेलं हाडही शिकून घेतलं होतं.

आक्का आता नाहीत. पण अजूनही खानापूरच्या बाजूला एखाद्या गावात सामना लागला आणि कुणी कोवळा पंच हात वाकवून गुण देताना दिसला, की मला आक्का दिसतात.

शहापुरातल्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या आणि मी भूगोलाचा मास्तर. आक्कांचं माहेर निपाणीचं. माहेर म्हणायचं एवढंच, सासर झालंच नाही. वडील तंबाखूच्या वखारीत होते आणि त्या वासानं आक्कांचं डोकं इतकं उठायचं की स्टाफरूममध्ये कुणी तंबाखू मळायला घेतली तर त्या खिडकी उघडायच्या नाहीत, त्या माणसाला उठवून खिडकीबाहेर उभं करायच्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. मंगळसूत्राच्या जागी शिट्टी, असं बायका मागं कुजबुजायच्या. आक्कांना ते ठाऊक होतं. "ह्येचा आवाज तरी येतोय," म्हणायच्या.

ती शिट्टी मैदानाबाहेर कधी वाजली नाही. डब्याच्या सुट्टीत मुलींनी धुडगूस घातला तरी नाही. एकदा हेडमास्तरांनी विनंती केली, एवढी एक वाजवा, गप्प होतील. आक्का म्हणाल्या, "सर, भायेर वाजीवली की मैदानात कोण ऐकत न्हाय." आणि जाऊन नुसत्या त्या मुलींच्या मधोमध उभ्या राहिल्या. दंगा थांबला.

मला गुणलेखक त्यांनीच केलं. "मास्तर, नकाशात नद्या काढताय न्हवं? मग गुणबी लिवता येतील." मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर माझ्या हातात पॅड होतं.

पहिलाच सामना काकतीला. मॅटच्या अगदी कडेला पाहुण्यांसाठी सोफा मांडलेला, पुढं काचेचं टीपॉय, त्यावर काजूची बशी. कबड्डीत चढाई करणाऱ्याला खांद्यानं धडक देऊन रेषेबाहेर घालवता येतं. त्याला आमच्याकडं डॅश म्हणतात, आणि असा बाहेर फेकलेला गडी ब्रेक नसलेल्या गाडीसारखा येतो. आक्कांनी सोफा बघितला आणि सामना सुरूच केला नाही. आयोजक विनवण्या करू लागले, पाहुणे घड्याळ बघू लागले. आक्का सोफ्यापाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "पाव्हणं, तुमची पाठ गादीवर हाय. त्या पोराची पाठ तुमच्या काचंवर पडणार हाय. उठा."

पाहुणे तालेवार होते. त्यांच्या गावात त्यांना 'उठा' म्हणणारा माणूस जन्माला यायचा होता. पाहुण्यांनी काजूची बशी उचलली आणि ते उठले, सोफा मागं गेला. पंधराव्या मिनिटाला एक गडी उडून बरोबर त्याच जागी मातीत पडला. आक्कांनी पाहुण्यांकडं बघितलंसुद्धा नाही. मला मात्र राहवलं नाही, मी बघितलं. पाहुणे काजू खायचे थांबले होते.

"हाडाला गाव नसतंय, मास्तर," परत येताना बसमध्ये त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गडी आपला की परका, मराठी बोलणारा की कानडी, मालकाच्या संघातला की फुकटचा, कशाचंच त्यांना काही नव्हतं. मोडायचं ते हाड.

त्यांचं स्वतःचं हाड कसं मोडलं हे मला गुंजीच्या स्टेशनावर कळलं. सामना आटोपून आम्ही लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. मी सहज विचारलं. त्या रुळांकडं बघत बोलू लागल्या.

"मी एकोणीस वर्साची हुतो. राज्याच्या संघाची निवड आठ दिसांवर आलती. सराव सामन्यात एकीनं माझा हात मागनं पिरगाळला. मी बाद झालोतो, शिट्टी झालती, तरी सोडला न्हाय. कट्‌दिशी आवाज आला."

"मग तिला शिक्षा?"

"नारळ."

आमच्याकडची ही रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. मैदानात कुणाला दुखापत झाली तर ज्याच्या हातून झाली तो नारळ घेऊन दुखावलेल्याच्या घरी जातो. घरचा कर्ता माणूस नारळ घेतो, उंबऱ्यावर फोडतो आणि खोबरं सगळ्यांनी तिथंच खायचं. खोबरं खाल्लं की प्रकरण मिटलं. मग ना तक्रार, ना शिक्षा. रीत चांगली आहे, तिच्यामुळं गावागावांत डोकी फुटायची राहिली आहेत. घेतला नाही असा नारळ कुणाच्या ऐकिवात नव्हता.

"ती आली, तिचा बाप आला. माझ्या बापानं नारळ घेतला. मला कोण इचारणार? मी आत खाटंवर. मग आईनं खोबरं आणून दिलं." त्यांनी डावा हात मांडीवर घेतला. "खाल्लं की मीबी. गोड हुतं."

गाडी आली तशा त्या उठल्या.

पुढं आमच्या भागातही कबड्डीची लीग निघाली. संघांना मालक आले, गड्यांचा लिलाव झाला, छातीवर जाहिराती चढल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी असे संघ. लीगला एक शिस्त समिती पाहिजे म्हणून आम्ही पाच जण नेमले गेलो, त्यात आक्का आणि मी. अध्यक्ष अण्णासाहेब. यांची सिमेंटची एजन्सी, आणि बेळगावच्या संघाच्या छातीवर त्याच एजन्सीचं नाव. अण्णासाहेब वाईट माणूस नव्हते, हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. अण्णासाहेब चहा मागवायचे.

हंगामाच्या सुरुवातीलाच वडगावच्या सागरचं प्रकरण झालं. हा विणकराचा पोरगा, घरी दोन यंत्रमाग, साड्या विणून सरावाला यायचा. त्यानं एका गड्याला पायांची कैची घातली. कैचीला खेळात मनाई आहे, कारण तिच्यात गुडघा जातो. गेला. आक्कांनी लाल कार्ड दाखवलं. सागर बापाला घेऊन नारळ द्यायला गेला, त्या घरानं नारळ घेतला, खोबरं खाल्लं. तरी समितीत अण्णासाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "ही लीग हाय, जत्रा न्हवं. नारळ-बिरळ गावात. नियम म्हंजी नियम." एक वर्ष बंदी. आक्कांनी बंदीच्या बाजूनंच मत दिलं. त्यांना बरंही वाटलं होतं. जाताना मला म्हणाल्या, "शेवटी नारळाच्या वरती कायतरी आलं बघा."

ते बरं वाटणं उपांत्य सामन्यापर्यंत टिकलं.

बेळगावच्या संघाचा विक्रम म्हणजे लीगचा हिरो. त्याचे फोटो रिक्षांच्या मागं लागलेले. आमच्या शाळेच्या मैदानावर उपांत्य सामन्यात हुक्केरीकडचा बसू नावाचा कानडी पोरगा चढाईला आला, त्याचा पाय रेषेबाहेर पडला, आक्कांची शिट्टी वाजली. बसू थांबला, अंग सैल सोडलं. आणि मागून विक्रमनं पूर्ण धावत येऊन त्याला धडक दिली. बसू मॅटच्या बाहेर ध्वजस्तंभाच्या सिमेंटच्या पायरीवर गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं. आवाज माझ्या टेबलापर्यंत आला.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी समिती चित्रकलेच्या वर्गात बसली. चहा आला.

"आक्का, पोराची चूक झाली, मान्य," अण्णासाहेब म्हणाले. "त्यो नारळ घिऊन दवाखान्यात गेलता. बसूच्या बानं घेतलाय. मिटलं. आपली रीतच हाय ती."

"सागरबी गेलता नारळ घिऊन. त्येचाबी घेतलाच हुता."

"त्ये येगळं."

"काय येगळं?"

"त्येनं कैची घातलती. ह्येनं डॅश मारला. डॅश नियमात बसतोय."

"बाद झालेल्या माणसाला मारल्याला बसत न्हाय. शिट्टी माझी वाजलीती, अण्णासाहेब. तुमी पयल्या रांगंत हुता."

अण्णासाहेबांनी कप बशीत ठेवला. मग खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या सगळी गावं येणार हायती ती विक्रमला बघाय. आनि एक सांगू काय? त्यो आपल्यातला पोरगा हाय. त्या बसूपायी आपल्या पोराचं वाटुळं करायचं व्हय?"

आक्कांनी चहाचा कप बाजूला सारला.

"हाडाला गाव नसतंय," आक्का म्हणाल्या.

हात वर झाले. तीन विरुद्ध दोन; दोनात आक्का आणि मी. विक्रमला समज देऊन सोडण्यात आलं.

आक्का तिथून सरळ दवाखान्यात गेल्या, मी मागोमाग. बसूचा बाप दारातच भेटला. आक्कांनी कानडीत त्याला सांगितलं, तक्रार लिहून द्या, मी बघते. तो मान हलवत राहिला. "बिड्री, आक्का, बिड्री." सोडा, आक्का, सोडा. मोठ्या माणसांशी वाकडं घ्यायची त्याची तयारी नव्हती. आत पलंगावर बसू छताकडं बघत पडलेला. उशाशी वाटीत खोबरं होतं.

ते खोबरं बघून आक्कांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं.

मग त्या रिक्षा करून वडगावला गेल्या. सागर मागावर होता. खटखट इतकी की ओरडून बोलावं लागत होतं. "चल उठ! उद्या सगळ्यांच्या म्होरं तुझा नारळ पुन्यांदा मांडू. त्येला सोडलं तर तुलाबी सोडाय पायजे. न्हाईतर दोघांनाबी धरा म्हणंन!"

सागरनं माग बंद केला. अचानक शांतता झाली.

"नगं, आक्का."

"का रं?"

"त्या पोराचा गुडघा अजून वाकत न्हाय. म्या जाऊन आलो परवा." त्यानं हात पुसले. "माझी शिक्षा बरोबर हाय. विक्रमला सोडलं म्हणून माझी चूक कुठं जातीया?"

आक्कांनी वाकड्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटलं. परतीच्या वाटेत मला म्हणाल्या, "हे पोर त्या टेबलाला बसाय पायजे हुतं, मास्तर."

अंतिम सामना त्याच मैदानावर, दुपारी चारला. पाय ठेवायला जागा नव्हती, झाडांवर पोरं. आक्कांनी आयोजकांना मॅट ध्वजस्तंभापासून दूर सरकवायला सांगितलं होतं. गर्दीमुळं ते जमणार नव्हतं म्हणे. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पूर्ण सामना त्या सिमेंटच्या पायरीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. पंचानं हलतं राहायचं असतं. आक्का त्या कोपऱ्यातून हलल्या नाहीत. मी पॅडवर गुण लिहीत होतो आणि दर चढाईला माझं पेन थांबत होतं.

दुसऱ्या डावात निपाणीचा एक किडकिडीत गडी त्या बाजूनं चढाईला आला. पाय बाहेर पडला. शिट्टी वाजली. विक्रमला ती ऐकू गेली होती, मी शपथेवर सांगीन, कारण त्याची मान आक्कांकडं वळली होती. तरी तो धावला आणि त्यानं गड्याला धडक दिली.

आक्का मध्ये आल्या की मध्ये सापडल्या, हे मला आजही सांगता येत नाही. गडी त्यांच्यावर आदळला, त्या मागं पायरीवर गेल्या, तो त्यांच्या अंगावर पडला. गडी उठला. त्याला खरचटलंही नव्हतं. आक्का बसूनच होत्या, उजवा हात मनगटाच्या वर भलतीकडंच वळलेला.

आक्कांनी डाव्या हातानं खाली पडलेलं लाल कार्ड उचललं आणि वर धरलं. तो हात जेवढा वर जायचा तेवढाच गेला, कानापर्यंत. पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते दिसलं. विक्रम मान खाली घालून बाहेर गेला. पुढं सामना कोण जिंकलं ते मला विचारू नका. गुण मीच लिहिले, तरी आठवत नाही.

चार-पाच दिवसांनी नारळ आला.

आक्कांच्या घराचं अंगण ते केवढं! त्यात विक्रम, अण्णासाहेब, संघाची माणसं, शेजारीपाजारी. मी भाजी द्यायला आलो होतो तो तिथंच अडकलो. आक्का खुर्चीत, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डावा नेहमीसारखा. आणि अण्णासाहेबांबरोबर आणखी एक माणूस होता, त्याला बघून मी भाजीची पिशवी खाली ठेवली. आक्कांचा धाकटा भाऊ. त्याला मुद्दाम निपाणीहून गाडी पाठवून आणला होता. नारळ घरच्या कर्त्यानं घ्यायचा ना!

"झालं गेलं इसरायचं, आक्का," अण्णासाहेब म्हणाले. "पोरगं पाया पडाय आलंय."

विक्रमनं नारळ पुढं केला, आक्कांपुढं नव्हे, भावापुढं. भाऊ बिचारा साधा. त्यानं बहिणीकडं बघितलं, अण्णासाहेबांकडं बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. माणसं एकदम बोलू लागली, घ्या घ्या, फोडा, मिटवा. कुणीतरी उंबऱ्यावर पाणी शिंपडलंसुद्धा. त्या कालव्यात आक्का दोनदा काहीतरी म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मास्तर, शिट्टी."

मला आधी कळलंच नाही. शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती, पण एक हात प्लॅस्टरमध्ये आणि दुसरा कोपरात पुरता वळतही नसल्यामुळं ओठांपर्यंत पोचत नव्हता. मी पुढं होऊन ती त्यांच्या ओठांत दिली.

आयुष्यात पहिल्यांदा ती शिट्टी मैदानाबाहेर वाजली. लांब, सरळ, न तुटता. अंगणातली माणसं जागच्या जागी थांबली. विक्रम सवयीनं एक पाऊल मागं सरला.

"हात मागं घे, बाळू," आक्का भावाला म्हणाल्या, मायेनंच. "ह्या घरची कर्ती मी हाय." मग विक्रमकडं वळल्या. "नारळ घिऊन जा. शिक्षा हितं ठिव."

"आक्का!" अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. "रीत हाय आपली."

"रीतच सांगूलोय मी. घेतला तर मिटतंय. मी घेत न्हाय."

नारळ घेतला नाही तर काय करायचं, हे त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं.

विक्रमचे डोळे भरले. तो इतका लहान दिसत होता. रिक्षांवरचे फोटो बघून वय कळत नाही. "आक्का, वर्स जाईल माझं."

"जाईल. सागरला दिलंय तेवढंच. एक दीस कमी न्हाय, एक दीस जादा न्हाय. बसूचंबी जाणार हाय. माझं तर..." प्लॅस्टरकडं नव्हे, त्या डाव्या कोपराकडं बघत होत्या. "तू पुन्यांदा खेळशील रं. जा."

पोरानं नारळ पिशवीत टाकला. अण्णासाहेब फाटकापर्यंत गेले, मग वळून मला म्हणाले, "लिवा मास्तर. एक वर्स." त्या दिवशी चहा कुणीच मागवला नाही.

आक्का मला शेवटच्या दिसल्या त्या पुढच्या हंगामातल्या एका सामन्याला. निवृत्त झाल्या होत्या. प्रकृती खालावली होती, उजवा हातही नीट जुळला नव्हता. प्रेक्षकांत पहिल्या रांगेच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, ध्वजस्तंभापासून दूर, कारण त्या वर्षी मॅट सरकवली होती. खुर्चीच्या पायाशी मातीत विक्रम मांडी घालून बसलेला, बंदी संपायची होती. मॅटवर सागर होता, त्याचं वर्ष भरलं होतं. त्यानं एका गड्याचा घोटा पकडला, शिट्टी वाजली, आणि त्यानं लगेच घोटा सोडून त्या गड्याला हात देऊन उठवलं. बसून बघणाऱ्या विक्रमनं नकळत टाळी वाजवली.

पंच आक्कांचीच एक विद्यार्थिनी होती, नवीन. तिनं सागरच्या संघाकडं गुण दिला, आमच्या भागातल्या पद्धतीनं, कोपर वाकवून.

आक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ही खूण कधी सुधारली नव्हती. त्यांच्या लक्षातच आली नसावी.

"ए पोरी!" त्या ओरडल्या. "हात सरळ कर की गं! तुझा कुठं मोडलाय?"

पोरगी दचकली. मग तिनं हात सरळ केला.